वॅट विचारू नका, चक हलवून बघा

मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलं, पण त्याच्या आधीपासूनच इथल्या शेतांत इमारती उभ्या राहत होत्या. आता त्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून सुट्टीच्या दिवशी करवतीचा आवाज येतो. कुणी चपलांचं कपाट करतो, कुणी मुलांसाठी स्टूल. चांगली गोष्ट आहे. मात्र हौस वाढली की टेबलावरचं ड्रिल मशीन घ्यायची हुक्की येते. ते घेण्याआधी थोडं ऐका.

भिंतीवर पडद्याचे रॉड आणि फोटो लावायचे असतील, तर हातातलं ड्रिल पुरे. टेबल ड्रिलची कामं दोन: भोक गुण्यात पाडणं आणि प्रत्येक भोक सारख्याच खोलीचं पाडणं. खुंट्यांचे सांधे, स्टुलाचे पाय, कपाटाच्या दारांच्या ऑटो हिंज अशी कामं हातावर असतील तरच ते घ्या. हातातलं ड्रिल अडकवायचे स्वस्त स्टँड मिळतात, पण बहुतेक डुगडुगतात. ते टाळाच.

खरेदी फोटो बघून करू नका. हडपसरवरून शहरात जा, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दुकानं धुंडाळा आणि यंत्राला हात लावा. बहुतेक लोक वॅट विचारतात. तुम्ही चकमध्ये एक सरळ, नवं बिट लावायला सांगा आणि ते हाताने सावकाश फिरवा. टोक गोल गोल भटकत असेल, तर भोकही मापापेक्षा मोठं पडेल. मग दांडा ओढून चक पूर्ण खाली आणा, धरून आडवा हलवा. खडखड जाणवली तर दुकानदार काहीही सांगो, पुढच्या दुकानात चला. शेवटी टेबलावर गुण्या ठेवून बिटाला टेकवा आणि टेबलाची कड दाबून बघा. दाबताच फट दिसली, तर ते टेबल लाकडाच्या वजनानेही वाकेल.

बिडाचं जड यंत्र पत्र्याच्या हलक्या यंत्रापेक्षा केव्हाही सरस. मात्र अशी यंत्रं अनेकदा मोटरशिवाय विकतात, तेव्हा भावात मोटर धरली आहे का, हे आधी विचारा. कारखान्यातून निघालेलं जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर त्याच्या मोटरची पाटी वाचा. थ्री-फेज असेल तर घरच्या प्लगवर ते तसंच चालणार नाही. चकच्या मध्यापासून खांबापर्यंतचं अंतरही मोजा. ते १०० मिमी असेल, तर फळीच्या कडेपासून त्याहून आत भोक पडणार नाही.

आता बिटं. यंत्रावर सगळे पैसे संपवून बिटांचा वीस रुपयांचा पुडा आणणारे बरेच दिसतात. लोखंडासाठीचं साधं बिट सागवानाच्या रेषांवरून घसरतं. लाकडासाठी मध्ये अणी असलेली बिटं घ्या. ४, ५, ६, ८ आणि १० मिमी एवढी पुष्कळ झाली. भिंतीचं बिट लाकडात घालू नका, आणि टोकाला स्क्रूसारखे आटे असलेलं लांब बिट या मशीनवर मुळीच लावू नका. ते लाकूड स्वतःच वर खेचतं.

ऑटो हिंजसाठी ३५ मिमीचं बिट लागतं. प्लायवूडमधला डिंक आणि वरचा सनमायका साध्या पोलादाची धार लवकर मारतात, म्हणून कार्बाइडच्या पात्याचं घ्या. खाच साधारण १२ मिमी खोल लागते. प्लाय १८ मिमीचा असेल तर खाली जेमतेम ६ मिमी उरतात, त्यातही मधली अणी थोडी पुढे जाते. म्हणून खोलीचा अडथळा आधी टाकाऊ तुकड्यावर लावून घ्या. वेग ५००-६०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा. बारीक बिटाच्या वेगावर हे बिट चालवलं तर धूर निघतो आणि भोकाची कड काळी पडते. वेग बदलण्यासाठी पट्टा सरकवायला दोन मिनिटं लागतात, आळस करू नका. आरपार भोक पाडताना खाली टाकाऊ फळी हवीच, नाहीतर खालच्या बाजूचे ढलपे निघतात.

हातमोजे घालू नका. ओढणी, सैल बाही, मनगटातला धागा, मोकळे केस, यांतलं काहीही चकजवळ नको. लहान तुकडा हाताने न धरता क्लॅम्पने आवळा. मशीन टेबलाला बोल्टने बसवा, आणि चकची चावी काढल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

एकाच इमारतीत तिघांना हौस असेल, तर तीन हलकी यंत्रं घेण्यापेक्षा वर्गणी काढून एक बिडाचं घ्या. पार्किंगच्या कोपऱ्यात ठेवायची परवानगी सोसायटीकडून लेखी घ्या, पावसाळ्यात टेबलावर तेलाचा हात फिरवायची पाळी लावा. बिटं मात्र ज्याची त्याने वेगळी ठेवावीत.