पायरी की चढ?

परवा रात्री जेवणं आटोपल्यावर अकरावीतली नात गणिताची वही घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. चेहरा रडवेला. म्हणाली, "आजोबा, हे बघा. वर लिहिलंय की केवलमूल्य कधीच उणे नसतं, आणि खाली व्याख्येत 'उणे एक्स' लिहिलंय. मग खरं काय?" एकाच फलनाला दोन सूत्रं, त्यांना बांधणारा महिरपी कंस आणि प्रत्येक सूत्रापुढे एकेक अट. आपल्याला गणित जमत नाही, विज्ञान शाखाच सोडावी, इथपर्यंत तिची मजल गेली होती.

मी गणिताचा प्राध्यापक नाही. उमेदीची सारी वर्षं बँकेत काढली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण वहीतल्या त्या आकृत्या पाहिल्या आणि वाटलं, ही मंडळी तर ओळखीची आहेत. काउंटरच्या अलीकडे बसून आयुष्यभर यांनाच पाहिलं, नावं तेवढी ठाऊक नव्हती.

तिला मी रोकड जुळवण्याची गोष्ट सांगितली. एका संध्याकाळी आमच्या शाखेतल्या एका रोखपालाकडे पाचशे रुपये कमी आले, दुसऱ्याकडे पाचशे जास्त. बेरीज बरोबर जुळली म्हणून शाखाधिकारी खूश. आमचे वयस्कर हेड कॅशियर मात्र म्हणाले, "साहेब, चूक शून्याची नाही, हजाराची आहे." कुणाला तरी पाचशे जास्त गेले होते आणि कुणीतरी पाचशे कमी घेऊन घरी गेलं होतं. अधिक-उणे ही चुकीची दिशा. चूक केवढी, हे सांगतं ते केवलमूल्य.

"मग उणे एक्सचं काय?" तिनं सोडलं नाही. म्हटलं, "तुझा एक्स आधीच उणे पाचशे आहे. त्याच्यामागचं उणे 'उलट कर' एवढंच सांगतंय. उणे पाचशेचं उलट किती?" ती क्षणभर थांबली आणि हसली. शून्याच्या डावीकडे उतरत येणारी आणि उजवीकडे चढत जाणारी ती रेघ तिनं स्वतःच काढली.

दुसरा प्रकार पायरीचा. टपालाचं पाकीट ठरलेल्या वजनापर्यंत एकाच दरात जातं. एक ग्रॅम वाढला की दर एकदम उडी मारतो. परीक्षेतले ३४ आणि ३५ गुण यांत अंतर एकाचंच, पण एकीकडे नापास आणि दुसरीकडे पास. मधे काही नाही.

तिसरा प्रकार तुकड्यातुकड्यांचा, आणि त्याबद्दलच्या गैरसमजापायी माणसं नुकसान करून घेतात. माझ्या एका सहकाऱ्यानं बढती नाकारली होती. कारण काय, तर "स्लॅब बदलेल, सगळा पगार करात जाईल." आम्ही समजावलं, त्यानं ऐकलं नाही. पुढे पेन्शनही त्या कमी पगारावरच बसलं.

तो आयकराला पायरी समजत होता. आयकर बहुतेक ठिकाणी पायरी नसतो, चढ असतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठीची नवी करप्रणाली घ्या. पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के, ८ ते १२ मधल्या रकमेवर १० टक्के, १२ ते १६ मधल्या रकमेवर १५ आणि १६ ते २० मधल्या रकमेवर २० टक्के. करपात्र उत्पन्न १६ लाख असेल तर कर १ लाख २० हजार. उपकर बाजूला ठेवू. उत्पन्न दहा हजारांनी वाढलं तर २० टक्के दर लागतो तो त्या दहा हजारांनाच. दोन हजार करात जातील, आठ हजार हातात राहतील. पगारवाढीनं माणूस गरीब होत नाही.

मात्र भीती अगदीच निराधार नाही. याच प्रणालीत १२ लाखांपर्यंत सूट मिळून कर शून्य होतो. ही सूट एकदम संपली असती तर एका रुपयासाठी ६० हजार भरावे लागले असते. म्हणून कायद्यानं सवलत ठेवली आहे, की १२ लाखांच्या वर जेवढी रक्कम जाईल त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. म्हणजे पायरी फोडून चढ केला. पण तो इतका उभा की सुमारे १२ लाख ७० हजारांपर्यंत वाढीचा जवळजवळ प्रत्येक रुपया करात जातो.

ठेवींच्या विम्याचा आलेख याच्या उलट. तो चढतो आणि मग आडवा होतो. एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखांतल्या ठेवी धरून, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ती आडवी रेघ किती खाली आहे हे अनेक घरांना पहिल्यांदाच कळलं. जन्माची पुंजी एकाच ठिकाणी ठेवण्याआधी घरातल्या कुणीतरी हा आलेख काढून पाहायला हवा होता. तो तर आठवीतल्या मुलालाही काढता येईल.

आता माझं म्हणणं. सरकारी मदतीच्या योजना आपण बहुधा पायरीसारख्या आखतो. २०२४ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत महिना १,५०० रुपये ठरले आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. मर्यादेवर असलेल्या घरात कुणी शिवणकाम करून वर्षाला पाच हजार जास्त मिळवले, तर १८ हजार जातात. प्रामाणिकपणे जास्त मिळवणाऱ्याला दंड आणि उत्पन्न लपवणाऱ्याला बक्षीस, असा हा हिशेब होतो. याला उपाय उताराचा. मर्यादेनंतर मदत एकदम न थांबवता हळूहळू कमी करावी.

अधिकाऱ्यांची अडचण मला कळते. मीही खुर्चीत बसलेलो आहे. एक आकडा तपासणं सोपं, उतार सांभाळायचा तर दरवर्षी नेमकं उत्पन्न कळायला हवं. काही पायऱ्या तर अटळच असतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की मत, त्याआधी नाही. अर्धं मत देता येत नाही. पण अर्धी मदत देता येते. निदान नवा नियम निघाला की 'ही पायरी आहे की चढ?' एवढं तरी आपण विचारावं. ते विचारायला ज्या गणितातून शिकायचं, ते आपण मुलांपुढे नुसते कंस आणि अटी म्हणून ठेवतो. मुलं घाबरतात आणि गणिताचा नाद सोडतात. शिक्षकांनी फळ्यावर एक्स लिहिण्याआधी आयकराचं कोष्टक लिहिलं तर काय बिघडेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीनं आलेखाचा कागद माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. आयकराची रेघ तिनं सगळ्या तुकड्यांसकट काढली होती. १२ लाखांपाशी पेन्सिलीनं गोल करून बाजूला लिहिलं होतं, "इथं असं का?" मी तिला म्हटलं, हा प्रश्न तू मला नको, अर्थमंत्र्यांना विचार. ती खरंच पत्र लिहायला बसली आहे.