विजेचा दर ठरवणारी माणसे आपली कोण?

सोसायटीची निवडणूक लागली की गावात गाड्या फिरतात. बाजार समितीची लागली तर रात्ररात्र चर्चा रंगते. पण तुमच्या मोटारपंपाचा, घरच्या मीटरचा, गावच्या पाणीपुरवठ्याचा आणि धानगिरणीचा वीजदर कोण ठरवते, असे विचारले तर पारावर शांतता पसरते. कुणी म्हणते लाईनमन, कुणी म्हणते महावितरण, कुणी म्हणते मंत्री. यातले एकही उत्तर बरोबर नाही.

दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. १९९८ च्या केंद्रीय कायद्याखाली १९९९ च्या ऑगस्टमध्ये तो स्थापन झाला आणि आज विद्युत कायदा २००३ प्रमाणे चालतो. अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन माणसे. एवढ्या मोठ्या राज्याच्या विजेचा हिशेब या तिघांच्या सहीने ठरतो.

या तिघांना निवडते कोण? तुम्ही-आम्ही नाही. उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेली एक व्यक्ती, राज्याचे मुख्य सचिव आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे किंवा केंद्रीय आयोगाचे अध्यक्ष, अशी तिघांची निवड समिती असते. एका जागेसाठी ती दोन नावे सुचवते, त्यातले एक शासन नेमते. मुदत पाच वर्षे, वयाची मर्यादा ६५. सदस्याला कशाचे ज्ञान हवे, हेही कायद्यात लिहिले आहे : अभियांत्रिकी, वित्त, वाणिज्य, अर्थशास्त्र, कायदा किंवा व्यवस्थापन. शेतीचे नाव त्या यादीत नाही.

मग ही माणसे मतदानाने का निवडू नयेत? प्रश्न वेडगळ नाही. अमेरिकेत काही राज्यांत असे आयोग लोकच निवडतात. जॉर्जिया राज्यात दर वारंवार वाढले, तेव्हा २०२५ च्या नोव्हेंबरात लोकांनी आयोगाच्या दोन विद्यमान सदस्यांना मतपेटीतून घरी बसवले. वाचून बरे वाटते. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहा. अॅरिझोना राज्यात २०१४ च्या निवडणुकीत वीज कंपनीच्याच मूळ कंपनीने आडून पैसा ओतला आणि २०१९ मध्ये ते कबूल केले. ज्याच्यावर लगाम ठेवायचा, त्यानेच घोडेस्वार निवडावा, तसा तो प्रकार.

आपल्याकडे असे मतदान झाले तर काय होईल, ते सोसायटीच्या अनुभवावरून ताडून पाहा. मुंबई-पुण्याच्या मतांपुढे सावली, सिंदेवाही, चामोर्शीच्या मतांचे वजन किती पडेल? निवडून येणारा पहिल्या वर्षी दर उतरवण्याचे आश्वासन देईल आणि तोटा पाचव्या वर्षी आपल्याच डोक्यावर येईल. म्हणून माझे मत स्पष्ट सांगतो : आयोग निवडणुकीने नेमू नये. पण नेमणूक झाली म्हणजे आपले काम संपले, असेही नाही. मत देण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, बोलण्याचा दिला आहे. तो आपण वापरत नाही.

कायद्याचे कलम ६४ पाहा. दर बदलायचा तर कंपनीने आधी अर्ज जाहीर करायचा आणि आयोगाने लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आदेश काढायचा. हरकत मराठीत चालते, वकील लागत नाही. हे कागदोपत्री सोंग नव्हे. आयोगाच्या पहिल्याच दरसुनावणीत, १९९९-२००० मध्ये, वीज मंडळाचा हिशेब उघडा पडला. तोवर गळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या घरात सांगितली जात होती, ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. फरक गेला कुठे होता? मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर! चोरी आणि गळती कुणाची, खापर मात्र शेतकऱ्याच्या माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी. हे उघड झाले, कारण सुनावणीत कुणीतरी आकडे मागितले.

आता कुणी म्हणेल, साहेब, आमचे बिल तर माफ झाले. खरे आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत मोफत वीज आहे. पण ती वीज फुकट तयार होत नाही. आयोगाने ठरवलेल्या दराने तिचे पैसे शासन भरते. योजनेला तारीख आहे, दराला नाही. शिवाय घरचे बिल, पिठाची चक्की, नळयोजना आणि पथदिवे यांना माफी कुठे आहे? नळयोजनेचे बिल थकले की ग्रामपंचायत अधिकाऱ्याची झोप उडते, हे तुम्ही जाणताच.

आणि दराहून मोठा प्रश्न वेळेचा आहे. धान निसवायला लागला आणि पावसाने दगा दिला, तर दोन पाण्यांवर सारे पीक अवलंबून असते. अशा वेळी रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन बांधीवर जावे लागते. आपल्या भागात ते म्हणजे काय, हे वाघाचे पगमार्क पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. जवळच चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे वीज केंद्र धूर ओकते आहे आणि आपला माणूस पाण्यासाठी अंधारात जीव मुठीत धरून जातो. दिवसा वीज द्या, ही मागणी सुनावणीच्या नोंदीत लेखी यायला हवी. चहाच्या टपरीवर केलेली तक्रार आदेशात उतरत नाही.

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, दराच्या अर्जाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली की ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ग्रामसभेत वाचा, ठराव करून हरकत म्हणून पाठवा. पंपाची पाळी, डीपी किती वेळा जळाली, किती दिवसांनी बदलली, हे तारखांसह लिहा. दुसरी, विदर्भासाठी सुनावणी नागपूर-अमरावतीला होते. सावलीहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर. चंद्रपूर किंवा गडचिरोलीलाही सुनावणी ठेवा, अशी मागणी तालुक्यातल्या साऱ्या ग्रामपंचायतींनी एकमुखाने करावी. ग्राहकांच्या वतीने बोलायला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार कलम ९४ मध्ये आयोगाला आहे. त्यात धान उत्पादकांचा माणूस मागा. तिसरी, ट्रान्सफॉर्मर किती तासांत बदलायचा आणि न बदलल्यास भरपाई किती, हे आयोगाच्या २०२१ च्या कृतिमानकांत आहे. तक्रारीची पोच घ्या. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथेही समाधान झाले नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालाकडे जा. नागपूरला त्यांचे कार्यालय आहे.

रोवणीच्या वेळी आपण पऱ्हे निवडून घेतो, रोगट रोप बांधीत लावत नाही. आयोगाची माणसे निवडणे आपल्या हातात नाही. पण त्यांच्यासमोर कोणता कागद जाईल, हे नक्कीच आपल्या हातात आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत वीज हा विषय घाला आणि तो चर्चेवर न सोडता ठरावापर्यंत न्या.