पाडव्याला एकदा, दसऱ्याला एकदा

टेक्सास राज्याने १ जानेवारी २०२५ पासून खासगी वाहनांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. ह्युस्टनजवळचे शुगर लँड फोर्ट बेंड काउंटीत येते. या काउंटीत मोटारींना धुराची चाचणी अजून द्यावी लागते. मोटरसायकलला तीही नाही. म्हणजे शुगर लँडमधली मोटरसायकल आता ब्रेक, टायर, हॉर्न, दिवे कोणाच्याही नजरेखालून न जाता वर्षानुवर्षे रस्त्यावर राहू शकते. तपासणीच्या जागी आलेले साडेसात डॉलरचे शुल्क नोंदणीबरोबर भरले, की काम संपते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्या काळात पीयूसीपलीकडे तिची तपासणी कोणी मागत नाही. रिक्षाचे तसे नाही. आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तिला पासिंग करून घ्यावे लागते. पासिंगच्या आधी ब्रेक, दिवे, रंग, मीटर सगळे मार्गी लागते, हे आपले रिक्षाचालक आणि मेकॅनिक चांगले जाणतात. तारीख ठरलेली असली की काम होते. दुचाकीला अशी तारीख नाही आणि म्हणूनच तिचे काम पुढे ढकलले जाते.

आपल्या भागात या उणिवेवर एक उतारा आहे: कोपऱ्यावरचा मेकॅनिक. गाडी दारात येताच आवाजावरून टॅपेट वाजतोय की चेन, हे तो सांगतो. शुगर लँडमधल्या मराठी चालकाला हे सुख नाही. तिथे मजुरी तासाच्या हिशेबाने लागते आणि गाडी दाखवायला आधी वेळ घ्यावी लागते. पण तिथली एक चांगली गोष्ट आपण घ्यावी. टेक्सासमध्ये मोटरसायकलचा परवाना काढण्याआधी प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि गाडी काढण्यापूर्वी टायर, कंट्रोल, दिवे, ऑइल, चेसिस आणि स्टँड या क्रमाने पाहणी करायला त्यात शिकवतात. तिकडे शिस्त शिकवली जाते, इकडे कसब आहे. दोन्ही एकत्र आणायला हवीत.

आमची सूचना साधी आहे. वर्षातून दोन तारखा ठरवा: गुढीपाडवा आणि दसरा. साडेतीन मुहूर्तांपैकी हे दोन साधारण सहा महिन्यांच्या अंतराने येतात. दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो. त्याच दिवशी, हार घालण्याआधी, पाना हातात घ्यावा. शुगर लँडला तर या तारखा फारच सोयीच्या आहेत. पाडव्याच्या सुमारास ब्रेनहॅम आणि चॅपल हिलच्या बाजूला निळी ब्लूबॉनेट फुलू लागतात. दसऱ्याला उन्हाळ्याचा ताव उतरतो. निवांत भटकंतीचे दोन्ही हंगाम तिथूनच सुरू होतात.

पाडव्याला पाहायचे ते उभ्या राहिलेल्या गाडीचे आजार. ह्युस्टन परिसरातल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते, आपल्याकडे आता २० टक्के. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी साठू शकते, कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा बसतो. जुन्या गाडीचे रबरी पाइप वाकवून पाहा. तडे दिसले तर बदला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीचा टायर झिजण्याआधीच म्हातारा होतो, त्यामुळे नक्षी शाबूत दिसली तरी तारीख वाचा. फोर्ट बेंडच्या सरळसोट रस्त्यांवर टायर मधोमध सपाट होतो आणि वळणावर गाडी अडखळत कलते. तेही हाताने चाचपून पाहा.

दसऱ्याला पाहायचे ते उन्हापावसाचे परिणाम. ब्रेक ऑइलही ओलावा शोषते, म्हणून रंग कसाही दिसो, दोन वर्षांनी ते बदलावे. आखाती किनाऱ्याजवळची दमट हवा आणि कोकणातली हवा याबाबतीत सारखीच छळते. क्लच वायरच्या टोकाशी एखादी तार सुटली आहे का, चेन कुठे घट्ट आणि कुठे ढिली होते का, हे चाक पूर्ण फिरवून पाहा. ऑगस्ट २०१७ च्या हार्वे वादळात ह्युस्टन परिसर बुडाला. आपल्या कोल्हापूर-सांगलीने २०१९ चा पूर पाहिला. पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करून पाहण्याचा मोह आवरा. आधी प्लग काढा, ऑइल सोडा. ते दुधाळ दिसले, तर पाणी आत गेले आहे.

तीनचाकीचा विचार वेगळा. आपल्या रिक्षाला पुढे एक चाक, कॅन-ॲम स्पायडरसारख्या गाडीला पुढे दोन. वळणावर ब्रेक मारला की वजन पुढे जाते. पुढे एकच चाक असेल तर गाडी बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते, म्हणून रिक्षाचा वेग वळणाच्या आधी उतरवावा लागतो. पुढे दोन चाकांची गाडी जास्त स्थिर, पण ती दुचाकीसारखी कलत नाही. गुडघे साथ देईनात म्हणून दुचाकीवरून तिच्याकडे वळणाऱ्याने वळणे नव्याने शिकावीत. पुढच्या दोन चाकांतली हवा सारखी आहे ना, हे प्रत्येक वेळी मोजावे.

रस्त्याबद्दलही थोडे. टेक्सासचे शेत-बाजार रस्ते, म्हणजे एफएम रस्ते, १९३७ पासून बांधले गेले. शुगर लँडहून ब्राझोस बेंड उद्यानाकडे नेणारा एफएम ७६२, इंडिपेंडन्स ते बर्टन हा झाडीतला एफएम ३९०, हे त्यातलेच. तिथली चिकण काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येते आणि पावसाच्या पहिल्या सरीत निसरडी होते; मराठवाड्यात गाडी चालवलेल्याला हे सांगायला नको. संध्याकाळी हरणे आडवी येतात, तशी आपल्याकडे गळीत हंगामात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली पुढ्यात येते. दोन्हीवर उपाय एकच, अंधाराआधी घर गाठणे. दोन रांगांच्या फटीतून गाडी काढायला टेक्सासने सप्टेंबर २०२३ पासून स्पष्ट मनाई केली आहे. पुण्यातली ही सवय तिकडे नेऊ नये, इकडेही सोडावी. एकवीस वर्षांवरील प्रशिक्षित चालकाला तिथे हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, पण डोके तेच आणि रस्ताही तितकाच कठीण. हेल्मेट घाला.

शेवटची विनंती मेकॅनिक मंडळींना. पाडवा-दसऱ्याला आलेल्या प्रत्येक गाडीच्या बिलावर पाच नोंदी करा: टायरची तारीख, ब्रेक पॅड किंवा शू किती उरला, ब्रेक ऑइल कधी बदलले, चेनची स्थिती आणि किलोमीटर. ग्राहकाला ते वाचून दाखवा आणि मागच्या बिलाशी ताडून पाहा. ज्यांना मेकॅनिक जवळ नाही, त्यांनी या पाच ओळी वहीत लिहाव्यात आणि दुसऱ्या चालकाकडून तपासून घ्याव्यात, कारण स्वतःच्या गाडीतली खोट नजरेला सरावते. सरकारने तपासावे की नाही, यावर वाद चालू राहील. आपल्या गाडीची आणि तिच्यावर मागे बसणाऱ्या माणसाची जबाबदारी मात्र तोवर थांबत नाही.