अरुंधती आवडते, पण आसावरी विचारात पाडते



आमच्या गोरेगावात दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, आरती होते आणि मग घरोघरी टीव्ही लागतो. दोन मालिकांवर आपण बायका खूप बोललो : स्टार प्रवाहची ‘आई कुठे काय करते!’ (२०१९ ते २०२४) आणि झी मराठीची ‘अग्गंबाई सासूबाई’ (२०१९ ते २०२१). कौतुक पहिलीचं जास्त झालं. मला मात्र दुसरी अधिक मोलाची वाटते.

मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती पंचवीस वर्षं घरासाठी झिजली आणि नवऱ्याने फसवल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहिली. हे चांगलंच दाखवलं. पण तिथे दोषी कोण ते लगेच कळतं. अनिरुद्ध-संजनाला नावं ठेवली की आपण मोकळ्या! स्वतःच्या घराकडे बघावं लागत नाही.

निवेदिता सराफ यांची आसावरी विधवा आहे. सासऱ्यांचा धाक, मुलगा बबड्या तिनेच लाडावलेला. तिने स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिचं पुन्हा लग्न व्हावं म्हणून सून शुभ्रा उभी राहते आणि विरोध पोटचा मुलगा करतो. इथे दोष रिवाजाचा आहे, आणि रिवाज चालवतो आपणच.

पुनर्विवाहाचं ज्याचं त्याने ठरवावं. मी मानाबद्दल बोलतेय. विधान असलं की नवरा गेलेली काकू चौक्याचं धान्य निवडते, पहाटेपासून राबते. पण मंगलकलश घ्यायची वेळ आली की आपण सौभाग्यवती शोधतो आणि ती आपणहून मागे सरकते. कुणी तिला थांबवत नाही.

कौशांबीत साखळदंडातल्या, मुंडण केलेल्या चंदनेच्या हातून भगवान महावीरांनी आहार घेतला. पुढे तीच आर्यिका संघाची प्रमुख झाली. मुंबईत श्राविकाश्रम काढणाऱ्या मगनबाई तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. वडील माणिकचंद जव्हेरींनी त्यांना कोपऱ्यात बसवलं नाही, शिकवलं. मग आपला कलश कुठल्या शास्त्राने अडतो?

मालिका बघून डोळे पुसणं सोपं आहे. यंदाच्या चातुर्मासात एखाद्या सुनेने पुढे होऊन “काकू, कलश तुम्ही घ्या” एवढं म्हणावं. आणि बाकीच्यांनी कुजबुज न करता वाट द्यावी.