विश्लेषण : मान्सून, सायक्लोन, डिप्रेशन, क्लाउडबर्स्ट... हवामानाचे हे इंग्रजी शब्द आले कुठून? त्यांचा नेमका अर्थ काय?

पावसाळा आला की मोबाइलवर ‘यलो अलर्ट’, ‘डिप्रेशन’, ‘क्लाउडबर्स्ट’ हे शब्द झळकू लागतात. बोलताना आपण ते सैलपणे वापरतो; हवामान खात्याच्या भाषेत मात्र त्यांचे निकष ठरलेले आहेत.

‘मान्सून’ मूळचा कुठला?
अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरावीक हंगाम. अरबी समुद्रातील व्यापारी जहाजे वाऱ्यांचा हंगाम पाहून निघत. हा शब्द पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत पोहोचला. मराठीतील ‘मोसम’ आणि ‘मोसमी वारे’ यांचे मूळही तेच. म्हणजे ‘मान्सून’ हे आधी वाऱ्यांचे नाव, पावसाचे नंतर.

‘सायक्लोन’चे कोलकाता कनेक्शन
बंगालच्या उपसागरातील वादळांचा कोलकात्यात अभ्यास करणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४०च्या दशकात हा शब्द घडवला. सापाच्या वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतला आहे. अशाच वादळाला अटलांटिकमध्ये ‘हरिकेन’, तर वायव्य प्रशांत महासागरात ‘टायफून’ म्हणतात.

‘डिप्रेशन’ला नाव का नसते?
‘डिप्रेशन’ म्हणजे खाली दबलेले, इथे हवेचा दाब कमी झालेला. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ५० किमी असेल तर डिप्रेशन. तो ताशी ६२ किमीच्या पुढे गेला की चक्रीवादळ, आणि तेव्हाच नाव मिळते. जून २०२०मध्ये अलिबागजवळ धडकलेल्या ‘निसर्ग’चे नाव बांगलादेशने सुचवले होते.

प्रत्येक जोरदार पाऊस ढगफुटी असतो?
नाही. साधारण २० ते ३० चौरस किमी भागात तासाभरात १०० मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच तो ‘क्लाउडबर्स्ट’. दिवसभरात २०० मिमी पडला म्हणून ढगफुटी ठरत नाही. ताशी नोंद पाहावी लागते. ‘अतिवृष्टी’ची गोष्ट वेगळी. राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी मानली जाते. शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईत हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

अलर्टचा रंग काय सांगतो?
- यलो : हवामानावर लक्ष ठेवा.
- ऑरेंज : तयारीत राहा.
- रेड : तातडीने कृती करा.

अलर्ट हा अंदाज असतो, झालेल्या पावसाची नोंद नव्हे. त्यामुळे ‘ढगफुटी’चा मेसेज पुढे पाठवण्यापूर्वी अलर्ट कोणत्या जिल्ह्यासाठी आणि कोणत्या तारखेचा आहे, हे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर तपासून घ्या.