ओंगोलची मंडळी कोणी उभारली?

गावकुसाबाहेरचा मनुष्य धर्म बदलतो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या शहाण्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "किती शेर तांदूळ मिळाले?" हाच मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या मेलेली जनावरे ओढीत होता, तेव्हा त्याच्या पोटाची चौकशी करावयास यांपैकी कोणी गेले नव्हते. त्याने मान वर केली की मात्र त्याच्या पोटाचा हिशेब मांडला जातो. या आरोपाचा एकदा नीट झाडा घ्यावा, म्हणून तेलुगु मुलखातील ओंगोल येथील बाप्टिस्ट मंडळीची हकीकत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. कोणी कोणता धर्म पाळावा हे सांगण्यासाठी हा लेख नाही. एखादी संस्था कोणाच्या पायांवर उभी राहते, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

ओंगोल हे नाव ऐकताच जाणत्या शेतकऱ्यास तिकडची उंच, पांढरी, भरदार वशिंडाची गुरे आठवतील. हे गाव आज आंध्र प्रदेशात प्रकाशम जिल्ह्याचे ठाणे आहे. ज्या काळची ही गोष्ट, त्या काळी ते मद्रास इलाख्यातील एक लहान गाव होते. त्या भागात मादिगा नावाची जात आहे. कातडे कमवावे, वहाणा शिवाव्या, शेतकऱ्याच्या मोटेचे व बैलांच्या वाद्यांचे चामडे पुरवावे, गावच्या जत्रेत डफ वाजवावा, मेलेले जनावर उचलावे, ही तिची कामे. मोबदला म्हणून सुगीला खळ्यावरचे धान्य आणि त्या मेलेल्या जनावराचे मांस. आमच्याकडील मांग, चांभार व महार यांच्या बलुत्याची ज्यांस माहिती आहे, त्यांस अधिक सांगणे नको. ज्याच्या मोटेशिवाय विहिरीचे पाणी वर येत नव्हते, त्यालाच विहिरीवर चढण्याची बंदी होती!

अमेरिकेतील बाप्टिस्ट पंथाचे पाद्री या तेलुगु मुलखात १८३६ साली आले. बाप्टिस्ट पंथाचे दोन विशेष आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे. एक, तान्ह्या मुलास ते बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात ज्याने आपण होऊन विश्वास धरला, त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. म्हणजे जन्माने कोणी या मंडळीत येत नाही. दुसरा, प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपण पाहते, वर बसून हुकूम सोडणारा धर्माधिकारी तीस नाही. ज्या विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, तो याच पंथाचा. हिंदुस्थानात येण्यापूर्वी तो इंग्लंडात जोडे शिवीत असे.

पण तत्त्व चांगले असले म्हणून आपोआप कोणी जवळ येत नाही. नेल्लोर येथे ठाणे देऊन हे पाद्री कित्येक वर्षे उपदेश करीत होते. ३० वर्षांत त्यांच्या पदरी पडली ती मूठभर माणसे. हे मिशन बंद करावे काय, असा खल अमेरिकेत एकाहून अधिक वेळा झाला. साहेब तोच होता, पुस्तक तेच होते, पैसाही अमेरिकेतून येतच होता. मग १८६६ नंतर असे काय झाले?

झाले ते असे की, येर्रागुंटला पेरय्या नावाचा एक मादिगा पुढे आला. ओंगोलच्या पश्चिमेस तल्लाकोंडपाडू हे त्याचे गाव. कातड्याचा व्यापार हा त्याचा धंदा. योगमार्ग आचरून सत्य सापडते काय हे त्याने आधी पाहिले होते. कातड्याच्या व्यापारासाठी उत्तरेकडे एलुरूला गेला असता ख्रिस्ताची गोष्ट त्याच्या कानी पडली. घरी परतून ती तो आपल्या भाऊबंदांस सांगू लागला. कोणी साहेब त्याच्या गावी गेला नव्हता. तोच साहेबाचा शोध करीत बायको नागम्मा हिला घेऊन पायी ओंगोलला आला. मार्च १८६६ मध्ये त्या दोघांचा बाप्तिस्मा झाला.

त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन क्लफ हा अमेरिकन पाद्री ओंगोलास राहावयास आला. पाद्री होण्यापूर्वी तो अमेरिकेत जमीन मोजणीचे काम करीत असे. १ जानेवारी १८६७ रोजी ओंगोलची मंडळी स्थापन झाली, तेव्हा सभासद होते अवघे ८. त्याच महिन्यात क्लफ तल्लाकोंडपाडूला गेला. पेरय्याने आजूबाजूच्या खेड्यांतले आपले सोयरे बोलाविलेच होते. लोक शिधा बांधून आले, चिंचांच्या झाडांखाली राहिले, कित्येक दिवस विचारपूस करीत बसले. त्यांतून २८ जणांनी बाप्तिस्मा घेतला. ओंगोलची मंडळी वाढली ती अशी : चामडे घेऊन, वहाणा घेऊन, लग्नकार्याच्या निमित्ताने एका मादिगवाड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसांच्या तोंडून.

आता गावातील ब्राह्मणांचे वर्तन पाहा. क्लफ आला तेव्हा त्यांनी त्याचा आदरच केला. आपल्या मुलांस इंग्रजी शिकवावे म्हणून त्यांनी शाळा काढविली. परंतु मादिगांस तेथे जागा मिळणार हे दिसताच त्यांनी आपली मुले काढून घेतली. परक्या देशाचा, गोमांस खाणारा साहेब त्यांस गुरू म्हणून चालत होता. आपल्याच गावचा, आपल्याच वहाणा शिवणारा मनुष्य मात्र बाकावर शेजारी चालत नव्हता! क्लफ काही काळ गोंधळला. वरिष्ठ हातचे जाऊ द्यावे, की या गरिबांस परत लावावे? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात देवाने जगातील हीन-दीनांस निवडले असे म्हटले आहे. तो उतारा त्याने व त्याच्या पत्नीने एकाच वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी उघडला, असे तो सांगत असे. या योगायोगाचा अर्थ कोणी कसाही लावावा. निर्णय मात्र योग्य झाला, असे आमचे मत आहे.

मंडळीत येणारास तीन गोष्टी सोडाव्या लागत : मूर्तिपूजा, मेलेल्या जनावराचे मांस आणि रविवारचे काम. वाचावयास ही लहानशी यादी आहे. पण गावगाड्याचा कणाच तिने मोडला. जत्रेत डफ वाजेना, मढे उचलले जाईना, रविवारी वेठीस माणूस मिळेना. रेड्डी आणि करणम, म्हणजे तिकडचे पाटील-कुलकर्णी, खवळले. बलुत्याचे धान्य बंद झाले, कामे तोडली गेली, खोट्या फिर्यादी झाल्या. ज्यांस घरी दोन दिवसांचे धान्य नाही, त्यांनी हे सोसले. तांदळासाठी धर्म बदलणारा मनुष्य हातचे बलुते सोडून देतो काय? शहाण्यांनी याचे उत्तर द्यावे. १९२७ च्या मार्चात महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचा उपदेश आपल्या बांधवांस केला, तेव्हा आमच्या गावोगावी जे वादळ उठले, तेच ओंगोलच्या परिसरात ६० वर्षे आधी उठले होते.

पहिल्या १० वर्षांत सभासद तीन हजारांवर गेले. हे दुष्काळाच्या आधीचे, हे विसरू नये. नंतर १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. त्याच दुष्काळात जोतीराव फुले व सत्यशोधक मंडळी इकडे धनकवडीस उपाशी मुलांची सोय करीत होती. तिकडे सरकारने बकिंगहॅम कालव्याचे काम काढले. क्लफने त्यातील साडेतीन मैलांचे खोदकाम मक्त्याने घेतले आणि हजारो भुकेल्यांस कामास लावले. तेलुगु उपदेशक मुकादम झाले. मजुरी मिळे ती माती खणल्याबद्दल. आणि पुढची गोष्ट आरोप करणारांनी कान उघडून ऐकावी : या काळात सुमारे १५ महिने क्लफने एकालाही बाप्तिस्मा दिला नाही. पोटासाठी आला असे कोणास म्हणता येऊ नये, म्हणून दार बंद ठेवले. मदतीचे काम संपत आले, तेव्हा लोक म्हणाले, आम्हांस पैसा नको. आमच्या हातांचे फोड पाहा, आम्ही राबून खाल्ले आहे. आता मंडळीत घ्या. तेव्हा दार उघडले. ३ जुलै १८७८ रोजी गुंडलकम्मा नदीच्या काठी वेल्लंपल्ली येथे एका दिवसात २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. वर्षअखेर मंडळीत १२ हजारांहून अधिक सभासद होते.

त्या दिवशी नदीत कोण उभे होते? क्लफने स्वतः एकाचाही बाप्तिस्मा केला नाही. सहा तेलुगु उपदेशक पाळीपाळीने, एका वेळी दोघे, पाण्यात उतरून हे काम करीत होते. ज्या हातांचा स्पर्श विटाळ समजला जात होता, त्या हातांनी हजारोंस नव्या जिण्यात घेतले. मिशनच्या पुस्तकांत ओंगोलची मंडळी क्लफने स्थापिली असे लिहितात. क्लफचे श्रम मोठे होते, त्याचे श्रेय कोणी काढून घेऊ नये. पण पेरय्या व नागम्मा पायी चालत आली नसती, तर त्या साहेबाची गतही आधीच्या ३० वर्षांसारखीच झाली असती. मंडळीचे संस्थापक ते आठ जण आणि त्यांचे सोयरेधायरे होत.

दोषही सांगितले पाहिजेत. सोयऱ्यांच्या वाटेने मंडळी वाढली, म्हणून ती बव्हंशी एका जातीची राहिली. तेलुगु मुलखात मादिगा एका मिशनात आणि माला दुसऱ्या मिशनात, असे पुष्कळ ठिकाणी झाले. पायरी गेली नाही, फक्त तिच्यावर नवे रोगण चढले. पैशाच्या किल्ल्याही दीर्घकाळ गोऱ्या पाद्र्यांच्या कमरेला राहिल्या. देशाच्या कायद्यानेही या लोकांस सोडले नाही. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश निघाला, तो हिंदूंपुरता. १९५६ साली त्यात शीख व १९९० साली बौद्ध घेतले गेले, ख्रिस्ती मात्र वगळलेलेच राहिले. गाव मादिगास मादिगाच म्हणते ; कागद तेवढा म्हणतो की तू आता मादिगा नव्हेस!

शेतकरी व बलुतेदार बंधूंनो, या हकीकतीतून घ्यावयाचे ते एवढेच. सत्यशोधक समाज १८७३ साली निघाला, त्याचेही पहिले सूत्र हेच होते की, देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. पण दलाल घालविण्यास सभेतील टाळ्या पुरत नाहीत. हलके म्हणून लादलेले काम टाकावे लागते, त्याबद्दल काही दिवस उपास काढावा लागतो, आणि आपला उपदेशक आपल्यांतूनच उभा करावा लागतो. मोठा पुढारी येईल, पैसा आणील आणि मग आपली संस्था निघेल, अशी वाट पाहत जे बसले आहेत, त्यांनी ओंगोलचे ते आठ सभासद मोजून पाहावे. आपल्या गावात आठ माणसे निघत नाहीत काय?