आधी हिशेब, मग करवाढ

प्रति, मा. महापौर आणि मा. आयुक्त, इंदूर महानगरपालिका

आम्ही राजेंद्रनगर व रामबाग भागांतले करदाते रहिवासी. करवाढीला आमचा सरसकट विरोध नाही. नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जालूदहून घाट चढवून आणायचे आणि रोज दारातला कचरा उचलायचा, तर पैसा लागणारच. 2021 मध्ये वाढवलेले दर विरोध होताच स्थगित झाले. तूट तशीच राहिली. आमचा आग्रह क्रमाचा आहे.

2024 मध्ये ड्रेनेजच्या न झालेल्या कामांची बनावट बिले उघडकीस आली, गुन्हे दाखल झाले. म्हणून जादा कर मागण्याआधी प्रत्येक कामाचे मोजमाप, कंत्राटदार आणि दिलेली रक्कम वॉर्डनिहाय जाहीर करा. स्वागतद्वारे, समारंभ, सुशोभीकरण तूट भरून निघेपर्यंत थांबवा.

पण कात्री पाण्याला लावू नका. डिसेंबर 2025 मध्ये भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. जुन्या जलवाहिन्या बदलणे, पाण्याची तपासणी, सफाई कामगारांचे वेतन यांत एक रुपयाचीही कपात आम्हाला मान्य नाही. तूट कागदावर कमी दिसेल, किंमत मात्र वस्तीतली लेकरे मोजतील.

कर्ज काढायचे तर पुढचा खर्च घटवणारे काढा. 2023 चे 244 कोटींचे हरित रोखे जालूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी होते. तो निर्णय योग्यच होता. आता विजेच्या बिलात होणारी बचत वेगळ्या खात्यात ठेवून फक्त जलवाहिन्यांवर खर्च करा. अहिल्यादेवींनी देवस्थानांचा दानधर्म खासगीतून केला, राज्याच्या दौलतीचा हिशेब निराळा ठेवला. त्यांच्या शहरात ही मागणी जड वाटू नये.

उत्पन्नासाठी आधी मोठे थकबाकीदार गाठा, त्यात सरकारी कार्यालयेही धरा. घर म्हणून नोंद असलेल्या, पण दुकाने आणि हॉस्टेल चालणाऱ्या इमारतींची फेरमोजणी करा. राज्याने 1976 मध्ये जकात काढून घेतली. तिची भरपाई पूर्ण आणि वेळेवर मिळावी, तीतून परस्पर कपात होऊ नये, असा ठराव सभागृहाने भोपाळला पाठवावा.

एवढे झाल्यावर दर टप्प्याटप्प्याने वाढवा, लहान घरांचे सर्वांत शेवटी. अंदाजपत्रक मांडण्यापूर्वी प्रत्येक झोनमध्ये रहिवाशांची बैठक घ्या आणि या मागण्यांना लेखी उत्तर द्या. ते मिळाले, तर वाढीव कर आम्ही मुदतीआधी भरू आणि शेजाऱ्यांनाही भरायला लावू.